वाळवंटातलं शहर आणि शेवटचं घर

गटातल्या सगळ्या आक्का, मावश्या, वहिनी आणि शाळा-कॉलेजातल्या मुलींनो, हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडं ठेवा.

दर वेळी मी तुमच्याशी बचतीचं, कर्जफेडीचं, शेळीपालनाचं बोलते. आज जरा वेगळं सांगणार आहे. आमच्या गावात आम्ही बायकांनी मिळून एक शहर वसवलं. वाळवंटात. जगाच्या नकाशावर ते शोधू नका, सापडायचं नाही. समाजमंदिराच्या फरशीवर, रांगोळीनं आणि तुरीच्या डाळीनं ते वसवलं होतं. पण त्या खोट्या शहरानं आम्हाला खऱ्या गावाबद्दल असे प्रश्न विचारायला लावले, की त्यातला एक घेऊन आम्हाला ग्रामसभेत उभं राहावं लागलं. तेच आज सांगते.

झालं असं. आपल्या केंद्रासाठी आमच्या मुलींना श्रुतिका लिहायची होती. दहावीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, आपल्या गोष्टीतलं शहर वाळवंटात असू दे. सोन्याच्या घुमटांचं, नजर जाईल तिथवर पसरलेलं." सगळ्या मुलींना ते आवडलं. नाव ठरलं रेताळी. मी म्हटलं, रेडिओवर काही दिसत नाही, ऐकणारीला कानानं दिसायला पाहिजे. म्हणून आधी शहर कसं आहे ते आपण काढून बघू. वही उघडायच्या आत मागं बसलेल्या एका आत्यांनी विचारलं, "आगं, सोन्याचं शहर हाय ते खरं, पर तिथल्या बाया पाणी कुठनं आणत्यात?"

मुली हसल्या. मग गप्प झाल्या. कारण उत्तर कुणाकडंच नव्हतं.

बी.ए.ला माझा भूगोल होता. बऱ्याच वर्षांनी तो कामाला आला. मी म्हटलं, चला, पहिल्यापासून सुरुवात करू. वाळवंट तिथं का आहे, हे आधी ठरवायचं.

वाळवंट उगीच कुठंही होत नाही. समुद्रापासून फार लांबच्या जागी ढग पोचेपर्यंत कोरडे होतात, तिथं होतं. काही पट्ट्यांत वरची हवा सतत खाली दबून येते, ढगच बांधू देत नाही, तिथं होतं. आणि कधी मधे डोंगर आडवा येतो. ढग डोंगर चढताना थंड होतात, अलीकडच्या बाजूला रिकामे होतात, पलीकडं नुसता वारा उतरतो. हे तिसरं कारण मी सांगायला लागले, तर एक वहिनी म्हणाली, "म्हंजे आपल्यावानीच की." अगदी तसंच. महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्याही वर पाऊस पडतो आणि सह्याद्री ओलांडून इकडं आपल्या माणदेशाकडं आलं की पाचशेचीही खात्री नसते. आपण वाळवंटात राहत नाही, पण ज्या कारणानं वाळवंटं होतात त्यातलं एक कारण आपल्या उशाला उभं आहे.

तर रेताळीच्या पश्चिमेला आम्ही रांगोळीनं डोंगर काढला. पाऊस किती, हे राजस्थानातल्या जैसलमेरवरून घेतलं. जैसलमेर हे ११५६ साली रावळ जैसलनं वसवलेलं शहर. थरच्या वाळवंटात असूनही साडेआठशे वर्षांहून जास्त काळ टिकलं आहे, म्हणजे त्याच्याकडून शिकण्यासारखं काही असणारच. तिथं वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबरात. मे महिन्याची दुपार ४२ अंशांच्या घरात आणि जानेवारीची पहाट ८ अंशांच्या आसपास. वाळवंट म्हणजे बारा महिने भाजणारं, असं आपल्याला वाटतं. पण हवा कोरडी आणि आभाळ मोकळं असलं की दिवसा तापलेली जमीन रात्री तेवढ्याच लवकर निवते. म्हणून रेताळीत कापसाची गोधडीही लागणार आणि दुपारी सावलीही.

हवामान ठरलं, मग पाणी. इथं आम्ही दोन बैठका घालवल्या.

एक हिशेब सगळ्यांनी ध्यानात ठेवा, आयुष्यभर कामाला येईल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आपल्या घरकुलाचं छप्पर धरा २५ चौरस मीटर. जैसलमेरसारखा २०० मिलिमीटर पाऊस पडला तर २५ गुणिले २००, म्हणजे ५००० लिटर. त्यातलं थोडं उडून जातं, थोडं वाया जातं, म्हणून ४००० धरा. पाच माणसांच्या घराला पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला २० लिटर लागलं, तर २०० दिवस पुरतं. वाळवंटात, नुसत्या छपरावर! हे सांगितल्यावर बायकांनी मला दोनदा हिशेब करायला लावला. मी केला. तो बरोबरच होता.

थरच्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. तिथं अंगणात जमिनीखाली गोल हौद बांधतात, त्याला टांका म्हणतात. भोवतीचं अंगण चोपून हौदाकडं उताराचं करतात, पावसाआधी झाडून काढतात, त्यात जनावर जाऊ देत नाहीत. हौदाला वरून झाकण असतं. झाकण का? तर उघडं पाणी ऊन पिऊन टाकतं. त्या भागात जेवढा पाऊस पडतो, त्याच्या दहापट पाणी वर्षात उडून जाऊ शकतं. मुलींनी रेताळीच्या मधोमध एक मोठं उघडं तळं काढलं होतं, कमळांचं. ते ऐकून त्यांनी निम्मं तळं पुसलं. सगळं नाही पुसलं, कारण जैसलमेरातही गडीसर नावाचा मोठा तलाव आहे आणि कितीतरी पिढ्या शहरानं त्याच्यावर तहान भागवली. पण तळ्यासोबत घरोघरी झाकलेला टांका हवा, हे ठरलं.

पाण्यासोबत धान्य आलं. जैसलमेरच्या आसपास पालीवाल शेतकऱ्यांनी खडीन नावाची पद्धत चालवली. खडकाळ उतारावरचं पाणी खाली जिथं जमतं तिथं लांब मातीचा बांध घालायचा. पाणी साठतं, मुरतं, ओल धरते आणि मग थंडीत त्या ओलीवर गहू, हरभरा. आपल्या रब्बी ज्वारीची आठवण आली ना? आम्हालाही आली.

मग मी दुसऱ्या देशातलं एक शहर सांगितलं, इराणमधलं यझ्द. तिथं तर पाऊस वर्षाला जेमतेम पन्नास-साठ मिलिमीटर. छपरावरच्या पाण्यानं तिथं भागायचं नाही. त्या लोकांनी लांबच्या डोंगराच्या पायथ्याचं भूजल गावापर्यंत आणलं. जमिनीखालून अगदी मंद उताराचा बोगदा खणायचा, वरून ठरावीक अंतरावर विहिरीसारखी भोकं पाडायची, पाणी आपल्या वजनानं वाहत येतं. ना मोटार, ना वीज, आणि अंधारातून आल्यामुळं उडून जात नाही. याला कनात म्हणतात. यझ्दजवळची एक कनात तर सत्तर किलोमीटरहून लांब आहे. हे फार परकं वाटत असेल तर सांगते, मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी शहर वसवलं, म्हणजे आपलं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. तिथली त्यानं केलेली नहर-ए-अंबरी याच जातीची आहे. म्हणजे ही विद्या आपल्या मराठवाड्यापर्यंत आली होती.

म्हणून रेताळीच्या पश्चिमेच्या डोंगराखालून आम्ही एक कनात काढली. निळ्या रांगोळीची रेघ आणि तिच्यावर विहिरींचे ठिपके.

आता घरं. मुलींना रुंद रस्ते हवे होते, सिनेमातल्यासारखे. मी विचारलं, मे महिन्याच्या दुपारी तुम्ही शाळेतून कुठल्या रस्त्यानं येता? सगळ्या म्हणाल्या, जुन्या आळीतून, भिंतीच्या सावलीनं. झालं, रस्ता तिथंच अरुंद झाला. जैसलमेरच्या आणि यझ्दच्या जुन्या गल्ल्या अरुंद आणि वळणावळणाच्या आहेत, ते जागा नव्हती म्हणून नाही. या घराची सावली त्या घरावर पडावी, आणि वाळूचा वारा सरळ सुसाट घुसू नये म्हणून. भिंती जाड. जाड भिंतीतून दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. यझ्दच्या घरांवर उंच धुराड्यासारखे मनोरे असतात, ते धूर सोडायला नव्हेत, वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडायला. आणि पत्रा? रेताळीत पत्रा कुणालाच नको होता. पत्र्याखाली मे महिन्यात भाकरी थापणाऱ्या बाईला कारण विचारायला लागत नाही.

वाऱ्यावरून एक गोष्ट निघाली, ती मला अजून टोचते. थरमध्ये उन्हाळ्यात वारा मुख्यतः नैऋत्येकडून येतो. म्हणून मुलींनी वीटभट्ट्या, चुनाभट्ट्या आणि कातडी कमवायची जागा ईशान्येला टाकली, म्हणजे धूर आणि वास शहरावर येणार नाही. शहाणपणाचं होतं. मग एकीनं विचारलं, "पण मग भट्टीवर काम करणाऱ्यांची घरं कुठं?" सगळ्यांच्या तोंडून एकदम निघालं, भट्टीजवळ. तेवढ्यात गटातली एक बाई, एरवी फारशी न बोलणारी, हळूच म्हणाली, "आमची वस्ती बी तिकडंच हाय." कुणी काही बोललं नाही. आपल्या गावांत कुणाची वस्ती कुठल्या बाजूला, हे काही वाऱ्यानं ठरवलेलं नाही. त्या दिवशी मुलींनी कामगारांची घरं उचलली आणि तळ्याजवळ ठेवली. भट्टीवर चालत जाऊ, म्हणाल्या, पण राहायला इथंच.

झाडांचंही ठरलं. बाग नाही, हिरवळ नाही, खेजडी लावायची. आपण हिला शमी म्हणतो, सौंदड म्हणतो. कमी पाण्यावर जगते, सावली देते, पाला शेळ्यांना होतो, शेंगांची भाजी होते. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात राजाची माणसं ही झाडं तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी बिश्नोई झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या. त्यांच्यासह ३६३ माणसांनी प्राण दिले, असा तिथला इतिहास आहे. म्हणून रेताळीत खेजडी तोडायला बंदी.

आणखी एक धडा बाडमेरकडून घेतला. वाळवंटात पूर येत नाही, असं आम्ही सगळ्यांनीच धरलं होतं. पण २००६ च्या ऑगस्टमध्ये राजस्थानच्या बाडमेर जिल्ह्यात दोन-तीन दिवसांत एवढा पाऊस कोसळला की कवाससारखी गावं बुडाली, शंभरावर माणसं गेली. जमिनीखाली जिप्समचा थर, त्यामुळं पाणी मुरेना आणि कितीतरी दिवस हटेना. कोरड्या ओढ्याच्या पात्रात घर बांधू नये, हे मग रेताळीत पहिल्या पाटीवर लिहिलं. जैसलमेरच्या किल्ल्याचंही असंच. तिथं नळ आले, पाणी वाढलं, पण सांडपाण्याच्या मोऱ्या जुन्या, थोड्या पाण्याच्या. पाणी टेकडीत मुरत गेलं, बुरूज खचले, घरं पडली. म्हणजे पाणी येण्याची वाट जेवढी महत्त्वाची, तेवढीच जाण्याचीही.

मैत्रिणींनो, इथपर्यंत आमचं शहर छान होतं. मग आला मुलींचा हट्ट, नजर जाईल तिथवर पसरलेलं शहर.

मी म्हटलं, पसरू. तुरीची डाळ आणा. डाळीचा एक दाणा म्हणजे शंभर माणसं. रेताळीत दोन लाख माणसं, म्हणजे दोन हजार दाणे. आधी ते तळ्याभोवती दाट मांडले. मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत दोन किलोमीटर धरलं तर साडेबारा चौरस किलोमीटर जागा झाली. मग मुलींनी तेच दाणे विखरून पसरले, कडा आठ किलोमीटरवर नेली. अंतर चौपट झालं, पण जागा किती झाली? दोनशे चौरस किलोमीटर, सोळापट! माणसं तेवढीच. पण पाइप, गटारं, रस्ते, दिवे सगळं सोळापट जागेवर न्यायचं. आणि प्रत्येक पाइप थोडा थोडा गळतोच, हे आपल्याला सांगायला नको.

असं शहर जगात खरंच आहे का, असं मुलींनी विचारलं. आहे. अमेरिकेत अॅरिझोना राज्यात फिनिक्स नावाचं वाळवंटी शहर आहे. बृहन्मुंबईच्या दुपटीहून जास्त जागेवर पसरलेलं आणि वस्ती सोळा लाखांच्या आसपास. मुंबईत २०११ च्या जनगणनेतच सव्वा कोट माणसं होती. फिनिक्सला पाणी शेकडो किलोमीटर लांबच्या कोलोरॅडो नदीतून कालव्यानं येतं. बाकीचं दुसऱ्या नद्यांचं आणि जमिनीतलं. एवढं डांबर आणि काँक्रीट दिवसभर तापतं आणि रात्रभर ऊन परत ओकतं. मघाशी मी म्हटलं ना, वाळवंट रात्री निवतं? पसरलेलं शहर निवत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथं सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. त्या वर्षी फिनिक्सच्या परगण्यात उष्णतेनं ६४५ माणसं दगावली. श्रीमंत देश, गार हवेची यंत्रं, तरीसुद्धा.

पण त्या राज्याकडून घेण्यासारखी एक गोष्टही मिळाली. १९८० साली तिथं भूजलाचा कायदा झाला. त्यानं असं बंधन आणलं की शहरालगत नवीन वसाहतीचे प्लॉट पाडायचे असतील तर आधी शंभर वर्षांचं पाणी दाखवा. आणि २०२३ साली हिशेब जमेना, तेव्हा राज्यानं जाहीर केलं की फक्त जमिनीतल्या पाण्याच्या भरवशावर फिनिक्स भागात नव्या वसाहतींना आता परवानगी नाही.

हे सांगितलं आणि आमच्या त्या आत्यांनी डाळीचा सगळ्यात लांबचा एक दाणा बोटानं दाबून धरला. म्हणाल्या, "हितं जी ऱ्हाती, तिचं सांगा."

आम्ही हिशेब मांडला. पाच माणसांचं घर. सरकारच्या नळयोजनेचं माप आहे माणशी दिवसाला ५५ लिटर, म्हणजे २७५ लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर अठरा-एकोणीस हंडे. तळं दोन किलोमीटरवर असलं तरी एका खेपेला जाऊन-येऊन चार किलोमीटर. दोन हंडे घेऊन तीन खेपा केल्या तर बारा किलोमीटर, आणि पाणी अजून तिसरा हिस्साच आलेलं. आठ किलोमीटरवरच्या बाईचा हिशेब आम्ही केलाच नाही. ती पाणी आणणारच नाही, ती टँकरची वाट बघत बसणार. आणि तिची मुलगी शाळेला न जाता नंबर धरून उभी राहणार.

तिथून आमच्या श्रुतिकेला गोष्ट मिळाली. राणी बाजूला राहिली. आमची नायिका झाली शेवटच्या गल्लीतली सून. शहराचे पंच नवी गल्ली काढायला बसतात आणि ती उठून विचारते, पाणी कुठून आणि किती पावलांवर?

आता आपल्या गावाचं. त्याच महिन्यात आमच्याकडं वाढीव गावठाणाचा विषय निघाला. गावाबाहेरच्या मुरमाड माळावर घरकुलांसाठी प्लॉट पाडायचे होते. आमच्या गटांतल्या सात बायकांची नावं यादीत होती. मला आनंद झाला होता. मी स्वतः त्यांचे कागद भरायला मदत केली, पण जागा बघायला काही गेले नाही. रेताळी वसवल्यावर आम्ही आठ-दहा जणी माळावर गेलो, पावलं मोजत. गावच्या टाकीपासून दीड किलोमीटर, चढ. एक झाड नाही. आणि खालच्या कडेचे तीन प्लॉट ओढ्याच्या जुन्या पात्रात.

आम्ही ठरवलं, महिलासभेत विचारायचं. तर यादीतलीच एक मैत्रीण रात्री माझ्या दारात आली. म्हणाली, "ताई, माझं नाव सात वर्षांनी लागलंय. तुमच्या रांगोळीपायी ते मागं पडलं तर मी कुठं जाऊ? पाण्याचं आम्ही बघून घेऊ." मला उत्तर सुचलं नाही. ती भाड्याच्या खोलीत राहते, पावसाळ्यात भिंतीला पोती लावून. घर तिचं होतं आणि प्रश्न माझा. माझ्या घरी नळ आहे.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना बोलावलं आणि जे झालं ते सांगितलं. तासभर वाद झाला. शेवटी त्याच मैत्रिणीनं वाट काढली. म्हणाली, प्लॉट थांबवा असं म्हणायचं नाही. प्लॉट द्या, पण ओढ्यातले तीन वर सरकवा आणि पाइपलाइनचं ठरावात लिहा. तेच आम्ही महिलासभेत मांडलं आणि पुढं ग्रामसभेत नेलं. तिथं एक जण हसून म्हणाले, "शंभर वर्षांचं पाणी मागताय का आता?" आमच्या आत्या उठल्या. "शंभराचं ऱ्हाऊ द्या दादा, एका उन्हाळ्याचं दाखवा."

काय मिळालं, ते खरं खरं सांगते. तीन प्लॉट वर सरकले. पाइपलाइन ठरावात लिहिली गेली, माळावर अजून पोचलेली नाही. आम्ही दर ग्रामसभेत तो ठराव वाचून दाखवायला लावतो. यादीतलं कुणाचंही नाव मागं पडलं नाही. ज्या दोन मैत्रिणींची घरं आधी उभी राहिली त्यांनी गटाकडून छोटं कर्ज घेऊन छपराला पन्हळी लावल्या आणि खाली दोन हजार लिटरची झाकणाची टाकी बसवली. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, मग पन्हळ टाकीला जोडायची, तोंडाला कापड बांधायचं आणि पिण्याआधी पाणी उकळायचं. आपल्याकडं साडेचारशे मिलिमीटर पाऊस झाला तर त्याच २५ चौरस मीटर छपरावरून नऊ हजार लिटर मिळू शकतं. टाकी भरते, वापरतो, पुन्हा भरते. रात्री दारात आलेली माझी मैत्रीण त्या दोघींतली एक आहे. परवा तिनं मला तिच्या टाकीतल्या पाण्याचा चहा पाजला. म्हणाली, "हा तुमच्या रांगोळीचा चहा."

तुमच्या गटातही हे करून बघा. फार काही लागत नाही, रांगोळी आणि वाटीभर डाळ. शहर कुठलंही घ्या, वाळवंटातलं घ्या, हवं तर चंद्रावरचं घ्या. फक्त पाच प्रश्न क्रमानं विचारा. पाऊस किती आणि कधी? पाणी कुठून येतं आणि वापरलेलं कुठं जातं? दुपारी सावली कुठं पडते? वारा कुठून येतो आणि त्याच्या वाटेत कोण राहतं? आणि शेवटच्या घरातली बाई पाण्यासाठी किती पावलं चालते? खोट्या शहराला हे विचारायला भीती वाटत नाही. कुणाचा भाऊबंद तिथं नसतो, कुणाचं मत फुटत नाही. तिथं तोंडाला सवय झाली की मग आपल्या गावाला विचारा.

एक सूचना. हे केल्यावर डाळ वाया घालवू नका. आमच्या दोन लाख माणसांचं आम्ही त्याच संध्याकाळी निवडून, धुऊन वरण केलं.

रेताळीची श्रुतिका मुलींनी लिहून संपवली आहे, तालमी चालू आहेत. शेवटच्या गल्लीतल्या सुनेचा आवाज कोण देणार, यावर सध्या भांडण आहे. ऐकायला नक्की या. आणि तुमच्या गटानं शहर वसवलं तर त्यातली शेवटच्या घरातली बाई कोण, किती पावलं चालते, ते केंद्राला कळवा.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.